वन्यजीव शिकायचेत? मग मोजायला शिका

बी.एस्सी.चे निकाल लागले की माझ्याकडे पत्रं येतात. गावं बदलतात, गोंधळ तोच असतो. त्यामुळे यंदा निवडक प्रश्नांना एकत्रच उत्तरं देते.

बी.एस्सी. वनस्पतिशास्त्रात झाली. वन्यजीव विषयात एम.एस्सी.ला प्राणिशास्त्रच लागतं का? (सिन्नर)

नाही.

मैत्रीण म्हणते, डेहराडूनला प्रवेश मिळाला नाही तर या क्षेत्रात अर्थ नाही. खरं आहे का? (नाशिक रोड)

मैत्रिणीला हे कुणी सांगितलं, ते विचारा. डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) इथले अभ्यासक्रम नावाजलेले आहेत, पण जागा मोजक्या आणि अर्ज देशभरातून येतात. एनसीबीएसचा प्रवेश तर दोन वर्षांतून एकदाच होतो. पुण्यात गरवारे महाविद्यालयात जैवविविधता विषयात एम.एस्सी. करता येतं, पुदुच्चेरी विद्यापीठात परिसरशास्त्रात. नाशिकच्या कॉलेजात साधं प्राणिशास्त्र घेऊनही प्रबंध चांगला होऊ शकतो, मार्गदर्शक मैदानात उतरणारा हवा. संस्थेच्या नावापेक्षा तिथल्या मागच्या प्रबंधांचे विषय बघा आणि निदान दोन माजी विद्यार्थ्यांशी बोला. पात्रता मात्र त्या वर्षीच्या माहितीपत्रकातच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

मुलीनं वन्यजीव विषयात एम.एस्सी. केलं की ती वनाधिकारी होईल ना? (पंचवटी)

आपोआप होणार नाही. भारतीय वनसेवेची वाट यूपीएससीतून जाते आणि पूर्वपरीक्षा नागरी सेवांबरोबरच असते. सहायक वनसंरक्षक, वनक्षेत्रपाल ही पदं एमपीएससीकडे. वनसेवेसाठी पदवीला ठरावीक विज्ञान विषय, कृषी, वनशास्त्र किंवा अभियांत्रिकी लागते. क्लासची फी भरण्याआधी अधिसूचना स्वतः वाचा. क्लासवाले ती वाचून दाखवत नाहीत. मुलीला नेमकं काय व्हायचंय, हेही एकदा तिलाच विचारा.

इन्स्टाग्रामवर 'वन्यजीव संशोधन इंटर्नशिप'ची जाहिरात आहे. सात दिवस जंगलात, फी भरायची, शेवटी प्रमाणपत्र. प्रवेशाच्या वेळी त्याचं वजन पडतं का? (कॉलेज रोड)

पडत नाही. फी भरून सहल केली असं समजा. संशोधन कुणाचं आहे, गोळा केलेल्या नोंदी पुढे कुठे जातात, मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी आहे का, एवढे तीन प्रश्न आयोजकांना विचारा. 'आपली वरपर्यंत ओळख आहे' असं उत्तर आलं तर पैसे खिशातच ठेवा. शंका असेल तर वनविभागाच्या कार्यालयात जाऊन विचारा, तिथे फी लागत नाही.

मी दर रविवारी नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला जातो. गणिताची मात्र धास्ती आहे. संख्याशास्त्र टाळून या क्षेत्रात येता येईल का? (निफाड)

हा प्रश्न आला की माझा आवाज चढतो, आधीच सांगून ठेवते.

समजा, एका रविवारी तुम्ही पाच जण सकाळी तीन तास चापडगावच्या मनोऱ्यावर होतात आणि चाळीस चक्रवाक मोजलेत. पुढच्या रविवारी एकटेच भरदुपारी पाऊण तास थांबलात, बारा मोजलेत. चक्रवाक घटले का? सांगता येणार नाही. डोळे कमी होते, वेळ कमी होता, उन्हानं पाणी चकाकत होतं. दिसले नाहीत म्हणजे नव्हते, असं होत नाही. असूनही न दिसण्याची शक्यता किती, ते काढायलाच संख्याशास्त्र लागतं. नांदूरमध्यमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथले पक्षी वाढले की घटले, हे कुणाच्या आठवणीवर ठरवायचं?

चुकीची मोजणी किती महागात पडते, ते राजस्थानातल्या सरिस्कानं दाखवलं. पावलांच्या ठशांवरून गणना व्हायची, कागदावर वाघ होते. २००५ मध्ये उघड झालं की जंगलात एकही उरलेला नाही. शिकारी आपलं काम उरकून गेले होते. देशाचा आकडाही तसाच. ठशांच्या पद्धतीनं साडेतीन हजारांच्या वर सांगितला जायचा. कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) आणि नमुना सर्वेक्षण वापरून २००६ च्या गणनेत १,४११ चा अंदाज निघाला. यात खरे मेलेले वाघ किती आणि कधी नसलेलेच किती, हे आता कोण सांगणार?

तेव्हा आजपासून वहीत तारीख, वेळ, जागा, हवामान, बरोबरची माणसं लिहा. एखादा पक्षी दिसला नाही तर शून्य लिहा, ओळ कोरी सोडू नका. ती वही घेऊन कॉलेजातल्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांकडे जा. स्वतःचे पक्षी असले की गणित एवढं अंगावर येत नाही. तरीही नाहीच जमलं तर निसर्गशिक्षण आहे, पर्यावरण कायदा आहे. पण निर्णय घाबरून घेऊ नका, आधी त्या कामातल्या माणसांना भेटा.

मला बिबट्यावरच काम करायचंय. (त्र्यंबकेश्वर)

रांगेत उभे राहा. तुमच्या शेजारी अंजनेरीचा डोंगर आहे. तिथलं एक कंदीलपुष्प, सेरोपेजिया अंजनेरिका, विज्ञानात नवी जात म्हणून २००६ मध्ये नोंदलं गेलं. गवत, किडे, शेवाळं ओळखणारी माणसं शोधून सापडत नाहीत, तिकडे बघा. बिबट्याच हवा असेल तर उसातला घ्या आणि शेतकऱ्यांशी बोलायला शिका. वनविभागाच्या परवानगीशिवाय कुठेही कॅमेरे लावू नका.

पदवीनंतर दोन वर्षं थांबून तयारी केली तर? (येवला)

घरी बसून करणार असाल तर नको. एखाद्या प्रकल्पावर क्षेत्र सहायक म्हणून काम मिळत असेल तर जरूर थांबा. मानधन बेताचंच असतं आणि करार संपला की बंद होतं. तेव्हा आधी घरच्यांशी पैशाचं बोलून घ्या.