शेवंतीला कळ्या येत नाहीत? आधी रात्रीचा दिवा बघा

तुम्ही इंदूरहून विचारलंय, की कुंडीतली शेवंती हिरवीगार आहे, पण कळ्या येत नाहीत, खत घालू का? झाड हिरवंगार आहे म्हणता, म्हणजे खत पुरे. डीएपी-युरियाच्या मागे लागू नका, त्यानं नुसती पानं वाढतील.

शेवंती कळी धरते ती लांब, सलग अंधारावर. इंदूरला जूनमध्ये दिवस साडेतेरा तासांचा असतो, डिसेंबरात पावणेअकराचा. जूनअखेरपासून रात्र वाढत जाते, सप्टेंबरच्या सुमारास ती पुरेशी लांब होते आणि झाडाला इशारा मिळतो. हा अंधार पानं मोजतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी मोजणी मोडते. बाल्कनीसमोर रस्त्याचा दिवा असेल तर बऱ्याचदा एकाच कुंडीत भिंतीकडची बाजू कळ्यांनी भरते, दिव्याकडची नुसती पानांची राहते. बघा, तुमच्याकडे तसंच आहे का!

सध्या एवढंच करा:

- कुंडी दिव्यापासून हलवा. जमत नसेल तर संध्याकाळी ६ ते सकाळी ८ जाड काळ्या कापडानं झाका. रोज, कळ्यांना रंग दिसेपर्यंत. मध्ये खाडे नकोत.
- दिवसा मात्र भरपूर ऊन हवंच.
- शेंडे खुडणं ऑगस्टअखेर थांबवा. नंतर नखानं खुडलेला प्रत्येक शेंडा म्हणजे गेलेली कळी.

तीन-चार आठवड्यांत शेंड्याशी मुगाएवढी हिरवी गाठ दिसेल. तीच कळी.