'जिंजर' हा इंग्रजी शब्द संस्कृतमधून आला, हे खरे आहे का?

वाटेत संस्कृत लागते, उगम मात्र तिथे नाही; एवढे पुरत असेल तर पुढचे वाचले नाही तरी चालेल. मला ते लिहावेच लागणार आहे, कारण याच शब्दावरून चुलत बहिणीच्या साखरपुड्यात सगळ्या नातेवाइकांसमोर माझे हसे झाले होते.

चहासाठी आले किसणाऱ्या आत्याच्या पुढ्यातला गड्डा काकांनी उचलला, त्याची दोन बोटे वर करून स्वतःच्या कपाळाला लावली आणि म्हणाले, “हे शिंग. शृंगासारखे ज्याचे अंग ते शृंगवेर, त्याचेच इंग्रजांनी जिंजर केले.” मी तेव्हा कोचीत नोकरीला होतो, तिथला भाजीवाला आल्याला ‘इंजी’ म्हणतो आणि ‘वेर्’ म्हणजे मूळ, हे मला रोजच्या वापरातून ठाऊक होते. शृंगवेर या जोडीतूनच निघाला, असे मी म्हणालो. “मग शृंगवेरपूर काय मद्रासजवळ आहे?” या काकांच्या प्रश्नावर सगळे हसले. रामायणातले गुहाचे ते गाव प्रयागजवळ गंगाकाठी आहे, हे मलाही माहीत होते. गावाच्या नावात शब्द सापडला म्हणून तो तिथेच जन्मला असे ठरत नाही, हे वाक्य मला दोन दिवसांनी परतीच्या गाडीत सुचले.

द्राविडी शब्द संस्कृतने घेतला आणि तो ओळखीचा वाटावा म्हणून त्याला शिंग चिकटवले, हे भाषाभ्यासकांचे मतच मला पटते. पुढे पालीत ‘सिंगिवेर’, ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’, लॅटिनमध्ये ‘झिंगिबेरी’ अशी रूपे दिसतात, आणि फ्रेंचच्या हातभाराने इंग्रजीत ‘जिंजर’ स्थिरावले. आले हे मिऱ्याच्या झाडाचे मूळ नव्हे, असे पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीला बजावून सांगावे लागले होते. माल रोमला पोहोचला होता, झाड मात्र तिथे फारसे कोणी पाहिलेले नव्हते. आपले ‘आले’ या रांगेत नाही, ते संस्कृत ‘आर्द्रक’वरून आले.

तुम्ही स्वतः असा शोध घेणार असाल, तर प्रत्येक मुक्कामावरचे सर्वांत जुने लिखित रूप पाहा आणि उच्चार जुळला की नाते जोडणाऱ्यांपासून, विशेषतः ते निवृत्त असतील तर, दूर राहा.

काकांचे एक मान्य केले पाहिजे. ग्रीक रूपातला ‘ग’ आजच्या ‘इंजी’त नाही, पालीत आहे, म्हणजे ग्रीकांनी हे नाव शृंगवेराच्याच घराण्यातून उचलले. पुढच्या महिन्यात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. एवढे मी त्यांना सांगेन, बाकीचे चहा झाल्यावर.