जडत्वाचा ध्यास आणि बारावीनंतरची वाट

आदरणीय भाऊ,
सप्रेम नमस्कार.

दारव्हा तालुक्यातून आलेले आपले पत्र मिळाले. बारावी विज्ञानाला असलेला आपला मुलगा अभियांत्रिकीला नकार देतो, इंधनाशिवाय चालणाऱ्या अवकाशयानावर काम करायचे म्हणतो आणि त्यासाठी एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे चाळीस हजार रुपये मागतो. हा विषय खरा आहे की भूलथाप आणि मुलाच्या शिक्षणासाठी शेत गहाण ठेवावे का, असे आपण विचारले आहे. वस्तूला जडत्व कोठून येते, हा त्यामागचा प्रश्न खरा आहे, पण त्याच्या आधारे इंधनाशिवाय चालणारे इंजिन आजवर कोणीही सिद्ध करून दाखवलेले नाही. ते पैसे भरू नका.

कापसाने भरलेली बंडी जागची हलवताना बैलांना किती जोर लावावा लागतो, हे आपण रोज पाहता. त्यातले घर्षण वजा केले तरी जो विरोध उरतो, ते जडत्व. ते येते कोठून? पीळ दिलेल्या दोरीला पाण्याची बादली टांगून सोडली, की आधी बादली फिरते, मग पाणी फिरू लागते आणि मध्ये खोलगट होऊन कडेला चढते. हे फिरणे निरपेक्ष, म्हणजे कशावरही अवलंबून नसलेल्या स्थिर अवकाशाच्या संदर्भात आहे, असे न्यूटनने मानले. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ अर्न्स्ट माखने एकोणिसाव्या शतकात त्याला आव्हान दिले आणि ते दूरच्या ताऱ्यांच्या संदर्भात मोजावे, असे म्हटले. तोच धागा पकडून ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल आणि आपल्या कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी 1964 मध्ये असा सिद्धान्त मांडला, की कणाचे वस्तुमान विश्वातील इतर सर्व कणांमुळे ठरते. त्यामुळे मुलाचे कुतूहल खुळचट आहे, असे घरात कोणी म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

या कल्पनांचा अवकाशप्रवासाशी संबंध असा, की रॉकेटला पुढे जाण्यासाठी काहीतरी मागे फेकावेच लागते आणि ते सारे सोबत वाहून न्यावे लागते. सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या व्हॉयेजर-1 या अवकाशयानाच्या गतीने सर्वांत जवळच्या ताऱ्याचे 4.24 प्रकाशवर्षांचे अंतर कापायला सुमारे 75 हजार वर्षे लागतील. जडत्वच बदलता आले तर, हा मोह म्हणूनच समजण्यासारखा आहे.

नासाच्या एका प्रयोगशाळेतील गटाने 2016 मध्ये बंद धातूच्या पोकळीत सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) सोडून, मागे काहीही न फेकता, दर किलोवॅटला 1.2 मिलिन्यूटन इतका अगदी अल्प रेटा (पुढे ढकलणारे बल) मिळाल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या मार्टिन ताजमार यांच्या गटाने तसेच यंत्र बनवून तपासताना पोकळीत जाणारी शक्ती जवळजवळ बंद केली, तरी तराजूवर तेवढाच रेटा दिसत राहिला. म्हणजे तो यंत्राचा नव्हता, तारांमधील विद्युतप्रवाह आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांच्यामुळे तो दिसत असावा, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मला या साऱ्या विषयात हे काम सर्वांत सुंदर वाटते. मुलाने शिकायचे ते हेच: एवढासा रेटा मोजणे आणि आपल्याच मोजणीवर शंका घेणे.

त्यासाठी दोन वाटा आहेत. पुण्याच्या आयसरसारख्या (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) संस्थांत बारावीनंतर पाच वर्षांचा बी.एस.-एम.एस. अभ्यासक्रम असतो. ते न जमल्यास अमरावतीच्या शासकीय विदर्भ ज्ञान विज्ञान संस्थेतून भौतिकशास्त्रात बी.एस्सी. करून ‘जॅम’ परीक्षेद्वारे आय.आय.टी.त एम.एस्सी. करता येते, आणि खर्चाच्या दृष्टीने मला आपल्यासाठी ही वाट कमी दर्जाची वाटत नाही. पुढे नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जे.आर.एफ. (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाल्यास पीएच.डी. करताना महिन्याला 37 हजार रुपये छात्रवृत्ती मिळते, त्यामुळे शेत गहाण ठेवण्याचा विचार मनातून काढून टाका.

एक गोष्ट मात्र आजच पाहा. आयसरच्या प्रवेश परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांवर प्रश्न असतात. मुलाने अकरावीला जीवशास्त्र सोडले असेल, तर त्याची अकरावी-बारावीची पुस्तके या आठवड्यातच आणून द्या.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक