गिरणाकाठच्या गाळात सापडलेला दगडी मणका नामशेष घोरपडीचा आहे का, कसं ओळखायचं?

नुसत्या आकारावर जाऊ नका. मगरीचा मणकाही पुढून खोलगट, मागून गोल असतो. घोरपडीच्या मणक्याचा मागचा गोळा मात्र आडवा, चपटा, थोडा वर वळलेला असतो आणि त्याच्या अलीकडे मणका आवळल्यासारखा अरुंद होतो. ही खूण फार बोलकी! ऑस्ट्रेलियातली मेगालानिया ही अजस्र, नामशेष घोरपड इंग्रज जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५९ मध्ये मणक्यांवरूनच वर्णिली. पुढे तिला घोरपडीच्याच वॅरॅनस प्रजातीत घातलं गेलं.

जबडा मिळाला तर दात बघा: मगरीचे खोबणीत, घोरपडीचे आतल्या बाजूला चिकटलेले.

तुमचा मणका घासूनपुसून स्वच्छ करू नका. आधी जागेचा फोटो काढा, मणका दरडीत किती खोल होता ते लिहा. वय त्या थरावरूनच कळेल.