वाचकांचे प्रश्न : व्यापारी जहाजांच्या मागावर मोठ्या युद्धनौका

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने मोठ्या युद्धनौका दूरच्या समुद्रात शत्रूच्या व्यापारी जहाजांवर सोडल्या, इतक्या बलाढ्य तोफा असूनही हा डाव अंगलट का आला? – एक वाचक, इंदूर

उत्तर : खरी अडचण तोफांची नव्हे, गोदीची होती. स्वदेशापासून हजारो मैल दूर असलेल्या नौकेला दुरुस्तीची सोय नसल्यामुळे एरवी किरकोळ ठरणारी हानीही तिच्या जिवावर बेतते. ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेने ९ व्यापारी जहाजे बुडवली, परंतु १३ डिसेंबर १९३९ रोजी तीन ब्रिटिश क्रूझरांशी (मध्यम आकाराच्या वेगवान युद्धनौकांशी) झालेल्या लढाईत तिची इंधन शुद्ध करणारी यंत्रणा निकामी झाली, तटस्थ उरुग्वेच्या माँटेव्हिडिओ बंदरात दुरुस्तीला पुरेशी मुदत मिळाली नाही आणि चारच दिवसांनी कप्तान लांग्सडॉर्फ यांनी ती स्वतःच बुडवली. ‘बिस्मार्क’ची गत अधिक दारुण झाली. तेलगळतीमुळे मोहीम सोडून फ्रान्सकडे निघालेल्या या नौकेचे सुकाणू एका टॉर्पेडोने अडकले आणि २७ मे १९४१ रोजी ती दोन हजारांहून अधिक खलाशांसह बुडाली. एकही व्यापारी जहाज तिच्या हाती लागले नव्हते. याउलट, साध्या मालवाहू जहाजाचा वेष घेतलेल्या ‘अटलांटिस’ने २२ जहाजे बुडवली किंवा पकडली, आणि माझ्या मते जर्मन नौदलाने तोच मार्ग धरायला हवा होता.