ऑब्झर्व्हर शिकताय? नोंदणी रद्द करण्याकडे आधी बघा

एका ऑब्जेक्टमध्ये बदल झाला की इतरांना आपोआप कळवायची रचना म्हणजे ऑब्झर्व्हर पॅटर्न. त्याचा कोड लिहिणं अवघड नाही. सब्जेक्टकडे, म्हणजे ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्या ऑब्जेक्टकडे, ऑब्झर्व्हरची म्हणजे लक्ष ठेवणाऱ्यांची यादी असते; त्या यादीत जाणं म्हणजे नोंदणी. स्थिती बदलली की तो यादीतल्या प्रत्येकाची अपडेट मेथड कॉल करतो. समोर नेमकं कोण आहे हे त्याला ठाऊक नसतं, फक्त इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड कॉल करता येतात एवढं, ठाऊक असतं. एवढं सगळेच शिकवतात.

खरा घोळ होतो तो यादीतून बाहेर पडताना. समजा, एका स्क्रीनने शेअरच्या भावाच्या ऑब्जेक्टकडे नोंदणी केली आणि वापरकर्त्याने ती स्क्रीन बंद केली. तुम्हाला वाटतं, विषय संपला. पण यादीत तिचा रेफरन्स शिल्लक असतो, म्हणून गार्बेज कलेक्टर (नको असलेल्या ऑब्जेक्टची मेमरी मोकळी करणारी यंत्रणा) तिला हात लावत नाही. मेमरी फुगत जाते, आणि बंद स्क्रीनला अपडेट मिळत राहतात ते वेगळंच. तेव्हा नोंदणीची ओळ लिहिली की त्याच बैठकीत रद्द करायची ओळही लिहून टाका.

आणि एखाद्या ऑब्झर्व्हरने अपडेट मेथडमध्येच स्वतःला यादीतून काढलं तर? जावात साध्या अ‍ॅरेलिस्टवर लूप चालू असताना असं केलं की बहुधा कॉन्करंटमॉडिफिकेशनएक्सेप्शन (लूप चालू असताना यादी बदलल्याची एरर) येतं, तेही एकच थ्रेड असताना! यादीची प्रत काढून तिच्यावर लूप चालवा, किंवा प्रत्येक बदलाला स्वतःच नवी प्रत काढणारी कॉपीऑनराइटअ‍ॅरेलिस्ट वापरा.

जुन्या ट्युटोरियलमधला जावाचा तयार सब्जेक्ट, म्हणजे ऑब्झर्व्हेबल, मात्र नको. 2017 मध्ये आलेल्या जावा 9 ने तो डेप्रिकेट केला, म्हणजे 'आता वापरू नका' असा शिक्का मारला. शिवाय तो इंटरफेस नाही, क्लास आहे. एकदा एक्स्टेंड केला की दुसरा क्लास एक्स्टेंड करता येत नाही. स्वतःचा छोटा इंटरफेस लिहा, चार ओळींचं काम आहे.