महिन्याच्या दोन शनिवारांसाठी नेरळला घर

प्रश्न (पत्राचा सारांश): माझे वय ४४. भांडुपच्या एका खासगी कंपनीत नोकरीला आहे; पत्नी शिक्षिका आहे. दोघांचे मिळून महिन्याला १,२८,००० रुपये हातात येतात. डोंबिवली पूर्वेला स्वतःचा वन बीएचके आहे आणि त्याचे कर्ज फिटले आहे. मुलगी नववीत आहे. घरखर्च ६२,०००, एसआयपी (म्युच्युअल फंडातली दरमहा गुंतवणूक) २०,००० आणि मुदत ठेवी १६ लाखांच्या आहेत. सुट्टीचे दिवस निवांत जावेत म्हणून नेरळजवळच्या एका प्रकल्पात ३८ लाखांचे घर पाहिले असून ५१,००० रुपये टोकन दिले आहे. ताबा अडीच वर्षांनी मिळेल. हा निर्णय योग्य आहे का?

उत्तर: आपल्या पत्रातले एक वाक्य मी दोनदा वाचले. आपल्या पत्नीचे म्हणणे आपण लिहिले आहे, की डोंबिवलीत रविवार येतो तो कपडे, किराणा आणि पाहुणे यांतच संपतो. आपण विकत घेऊ पाहता ती खरे तर ही हरवलेली सुट्टी आहे, आणि म्हणून या व्यवहाराचा हिशेब चौरस फुटांत न मांडता आपण तिथे किती वेळा जाल यावर मांडायला हवा.

आधी किंमत पाहू. ३८ लाखांवर मुद्रांक शुल्क, नोंदणी फी आणि परवडणाऱ्या घराच्या व्याख्येत बसत असल्यास १ टक्का जीएसटी धरला, तर हे घर आपल्याला ढोबळमानाने ४१ लाखांना पडते. त्यात १३ लाख ठेवी मोडून घातले आणि २८ लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २७,६०० रुपये येईल. हप्त्यातला मुद्दलाचा भाग ही एक प्रकारची बचतच असल्यामुळे तो मी खर्चात धरत नाही. पूर्ण कर्ज उचलल्यानंतरच्या पहिल्या वर्षाचे व्याज सुमारे २ लाख ३४ हजार, मोडलेल्या ठेवींवरचे बुडालेले व्याज सात टक्क्यांनी ९१ हजार, आणि सोसायटीचा मेंटेनन्स, वीजबिल व मालमत्ता कर यांचे कमीत कमी ४२ हजार, अशी ही वर्षाची बेरीज ३ लाख ६७ हजार होते.

आता दिवस मोजू. आपल्याला दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी असते, म्हणजे वर्षाला २४ संधी. त्यांतून गणपती, दिवाळी, लग्नकार्ये, मुलीच्या परीक्षा आणि रविवारचे मेगाब्लॉक वजा केले, तर १५ फेऱ्या होतील असे मी उदारपणे मानतो. गेल्या वर्षभरात आपण सातच वेळा बाहेर पडलात, असे आपणच लिहिले आहे. १५ फेऱ्यांनी भागले तरी एका फेरीला साडेचोवीस हजार रुपये पडतात. तेवढ्याच वेळा आपण तिघे माथेरानला किंवा एखाद्या कृषी पर्यटन केंद्रात राहिलात आणि प्रत्येक वेळी सहा-सात हजार खर्च झाले, तरी वर्षाचा आकडा एक लाखाच्या आसपास थांबतो, शिवाय चादरी दुसरे कोणी धुते.

हा शेवटचा मुद्दा मी गमतीने लिहिलेला नाही. माझ्या एका ग्राहकांचे कर्जतजवळ असेच घर आहे आणि एका शनिवारी मी त्यांच्यासोबत तिथे गेलो होतो. कुलूप उघडताच कोंदट वास आला. गादीला एका कडेने बुरशी धरली होती, ओट्यावर पालीची घाण पडली होती आणि टाकीत पाणी नव्हते, कारण मोटर सुरू करणारा माणूस गावात नव्हता. घरच्या बाईंनी पदर खोचून झाडू हातात घेतला, ते घर दुपारी चारला बसण्याजोगे झाले. रविवारी साडेचारला पुन्हा आवराआवर सुरू झाली, कारण कल्याणकडे जाणाऱ्या गाड्या कमी आणि सहानंतरची गर्दी नकोशी. ज्या कामांना कंटाळून आपण डोंबिवलीबाहेर पडू पाहता, तीच कामे तिथे दुप्पट होतात.

ताब्याची वेळही आपल्याला प्रतिकूल आहे. अडीच वर्षांनी चावी हातात येईल तेव्हा मुलगी अकरावी-बारावीच्या धबडग्यात असेल, म्हणजे ज्या काळात घर सोडून जाणे सर्वांत अवघड, तेव्हाच ते घर तयार होईल. आणि दरम्यान उचललेल्या रकमेवरचे व्याज तर सुरूच राहील. हप्ता आणि देखभाल धरून महिन्याला ३१ हजार गेले की आपल्या शिलकीतले १५ हजारच उरतात आणि ठेवींत तीन लाख. त्यानंतर लगेच महाविद्यालयाची फी समोर येईल. आपल्याला निवृत्तिवेतन नाही, ही बाब पत्रात अर्ध्या ओळीत उरकली आहे. माझ्या हिशेबात तिला त्याहून बरेच मोठे स्थान आहे.

‘घराची किंमत वाढेलच’ या आपल्या अपेक्षेबद्दल एवढेच सांगतो, की केवळ वरचा खर्च भरून निघण्यासाठी ती दरवर्षी सुमारे नऊ टक्क्यांनी वाढावी लागेल. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळे त्या पट्ट्याला मागणी येईल, हे मला मान्य आहे. परंतु ती अपेक्षा आजच्या दरात बरीचशी धरलेली असते, आणि शेजारीच पुढच्या टप्प्यातली कोरी घरे विक्रीला असताना आपल्या जुन्या घराला चढा भाव कोण देईल? प्राप्तिकराच्या नव्या प्रणालीत स्वतःच्या वापरातल्या घराच्या व्याजाची वजावटही मिळत नाही. एजंटाने सुचवलेल्या ‘फार्महाऊस प्लॉट’कडे तर वळूच नका, सातबारावर शेती असलेली जमीन शेतकरी नसलेल्याला महाराष्ट्रात सहजासहजी घेता येत नाही.

तेव्हा माझे मत असे, की हे घर आता घेऊ नये. मात्र पत्नीची गरज खरी आहे आणि तिच्यासाठी दरमहा दहा हजार रुपये बिनदिक्कत बाजूला काढावेत. त्यातून डोंबिवलीतच घरकामाला आणखी एक बाई लावावी, म्हणजे सुट्टी नसलेले रविवारही थोडे मोकळे होतील. सावित्रीबाई फुले कलामंदिरातले नाटक रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यासाठी नेरळ गाठावे लागत नाही. आणि बाहेरगावच्या घराची ओढ तरीही कायम राहिली, तर नेरळ, वांगणी किंवा बदलापूरला एखादे छोटे घर ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराने, म्हणजे भाड्याने, घ्यावे. तो करार नोंदणीकृतच असावा आणि जूनपासून सुरू व्हावा, कारण भिंतींची ओल, विजेचा लपंडाव आणि पावसात खोळंबणारी लोकल हे सारे पहिल्या चार महिन्यांतच कळते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक मुक्कामाची खूण करा. ११ महिन्यांत वीसहून अधिक खुणा झाल्या, तर मला पुन्हा लिहा; तेव्हा आपण तयार, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले घर पाहू, ज्यावर जीएसटीही लागत नाही.

टोकनाच्या बाबतीत मात्र उशीर करू नका. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, नमुना वाटपपत्रानुसार (अलॉटमेंट लेटर) ते पत्र दिल्याच्या तारखेपासून १५ दिवसांच्या आत बुकिंग रद्द केल्यास कपात होत नाही आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने वाढत जाते. आपल्या वाटपपत्रावरची तारीख आजच तपासा, रद्द करत असल्याचे ईमेलने आणि पोचपावतीसह पत्राने कळवा.